तीन गाठींचा दोरा

हाळीतात्या कुणाच्या दारातली मोडकी बादलीसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नसत. आणि त्यांचं विचारणं साधं नव्हतं. सकाळी लोक चहा पीत असताना ते दारापासून चार पावलं लांब उभे राहायचे, डावा हात कानावर ठेवायचे आणि या माळावरून त्या माळावर पोहोचेल अशा आवाजात हाळी द्यायचे, "हाय का धनीऽऽ? वस्तू पडलीय, नेऊ काऽऽ?" आतून कुणी 'न्या' म्हटलं तरी त्या दिवशी नेत नसत. कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा दोरा काढून त्या वस्तूला बांधायचे, त्याला एक गाठ मारायचे आणि चालू लागायचे. दुसऱ्या दिवशी दुसरी हाळी, दुसरी गाठ. तिसऱ्या दिवशी तिसरी. तिसऱ्या हाळीलाही 'न्या' असंच उत्तर आलं, तरच ती वस्तू त्यांच्या खांद्यावर चढायची. उत्तर आलं नाही तर ती जागेवरच राहायची.

हा माणूस चोर होता असं आमच्या नगरपालिकेच्या एका फायलीत लिहिलेलं आहे. त्या पंचनाम्याखाली भांडारपाल म्हणून माझी सही आहे. हाळीतात्या चोर नव्हते, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. या गोष्टीला बारा वर्षं झाली. गावाचं नाव मी लिहीत नाही. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं शहर आहे, ओळखणारे ओळखतील.

तात्यांचं खरं नाव म्हाळू, मूळचे पाटोद्याकडचे. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. दुसऱ्याच्या रानात मेंढरं घालायची तर बांधावर उभं राहून तीन हाळ्या द्यायच्या आणि मालकाचं उत्तर आल्याशिवाय एक खूर आत पडू द्यायचा नाही, हे त्यांच्या घरातलं वळण. पुढे माळ राहिले नाहीत, रानं बागायती झाली, कळप विकला. तात्या शहरात येऊन कापसाच्या जिनिंगवर दिवसपाळीचे राखणदार झाले. मेंढरं गेली, पण हाळी राहिली. ते मला एकदा म्हणाले होते, "साहेब, रानातला चोर दोन तऱ्हंचा. एक न इचारता चारतो. दुसरा हाळी ऐकून गप बसतो. ह्यो दुसरा लई वंगाळ." मी तेव्हा हसलो होतो.

गोळा केलेल्या वस्तूंची ते मेंढरं करायचे. बाभळीच्या बुडख्याचं धड, मोडक्या फावड्यांच्या दांड्यांचे पाय, खुरांच्या जागी नदीतले गोटे. अंगावरची लोकर मारुतीच्या देवळात फुटलेल्या नारळांच्या काथ्याची, तीही पुजाऱ्याला तीन हाळ्या देऊन आणलेली. कुठं झिजलेल्या चपला, कुठं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. एक मेंढी तहसीलच्या भिंतीशी उभी होती, तिचं सगळं अंग तलाठ्याच्या मोडक्या खुर्चीचं. तात्या म्हणायचे, "हिला धन्याचीच खोड लागलीय. कितीबी हाका मारा, जागची हालत न्हाई." असं करत करत चार-पाच वर्षांत गावात सतरा मेंढरं झाली. दुभाजकावर, पुलाच्या कठड्यापाशी, पोस्टाच्या आवारात. पाटोद्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं स्टँडाबाहेरच्या मेंढीला पाठ टेकून बसायची. "कळप उभा करायचा हाय गावात," तात्या सांगायचे. "ह्यो कळप कुणाच्या रानात तोंड घालणार न्हाई. कुणी हाकलायचं कारण न्हाई."

गाव त्यांची चेष्टा करायचं, पण त्या चेष्टेत माया होती. आमच्या गल्लीतल्या काकूंनी एकदा ओट्यावर आडव्या झालेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "काय हो हाळीतात्या, हे कवाधरनं पडलंय इथं. नेता का?"

तात्यांनी गंभीरपणे पिशवीत हात घातला. "दोरा बांधतो, वैनी. तीन दिस थांबा. तिसऱ्या दिशीबी न्याच म्हणलात तर बघू."

काका ताडकन उठून बसले. गल्ली हसली. तिसऱ्या दिवशी तात्या खरंच दारात आले आणि त्यांनी हाळी दिली. काकू आतूनच ओरडल्या, "न्हाई न्यायचं! राहू द्या! उपयोगी हाय अजून."

त्यांच्या कामात खिळा नव्हता, वेल्डिंग नव्हतं. सगळी बांधणी अंबाडीच्या दोरीची. दोरी भिजवून आवळायचे, वाळली की ती लोखंडाला चावायची. आणि चुकलं तर ते दोरी कधी कापायचे नाहीत. एका गाठीवर बसून अर्धा दिवस घालवलेला मी पाहिलाय. "गाठ कापायची न्हाई, सोडायची. कापली की दोरीबी गेली अन् आपण काय चुकलो तेबी कळत न्हाई."

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा भांडारपाल. गावाबाहेर तलावाच्या कडेला जुनं पंपघर आहे, तिथं माझं भांडार होतं. पंपघरामागच्या गवतात निकामी पंपांची दोन ओतीव लोखंडी कवचं पडलेली होती, शंखासारखी आत वळत गेलेली. मी नोकरीला लागलो तेव्हापासून ती तिथं गंजत होती. तात्या एका सकाळी आले आणि कुंपणापलीकडून त्या लोखंडाकडे बघत राहिले. मी बाहेर आलो तसे म्हणाले, "साहेब, ही शिंगं हायती."

"कशाची शिंगं?"

"एडक्याची. कळपाला म्होरक्या एडका न्हाई अजून. धड तयार हाय माझ्याजवळ, तेवढी शिंगं पायजेत."

मग ते चार पावलं मागं गेले, कानावर हात ठेवला आणि समोरच उभ्या असलेल्या मला त्यांनी सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी हाळी दिली. मी 'न्या' म्हणालो. त्यांनी दोरा बांधला आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पाइपांच्या कामात होतो, वैतागून खिडकीतून ओरडलो, "अहो न्या तात्या, न्या! किती ओरडता? मातीत चाललंय सगळं."

ते खिडकीशी आले. "सरकारी वस्तू हाय. कागद लागतो का?"

"कसला कागद? मी सांगतोय ना!"

त्यांचं समाधान झालं. त्यांच्या हिशेबी ऐकलेल्या हाळीपुढे कागदाची काय किंमत! नळ सोडणारा माणूस तेव्हा वॉल्व्हवर गेलेला होता. आवारात आम्ही दोघंच होतो.

एडका स्टँडपुढच्या चौकात उभा राहिला. छातीएवढा उंच, मान किंचित वळवलेली, जणू मागचा कळप येतोय की नाही ते बघतोय. अंगभर काथ्या, आणि डोक्यावर ती दोन काळी वळलेली शिंगं. तलवाड्याकडची माणसं गाडीतून उतरली की आधी त्याच्याकडे जायची. खरे मेंढके आले तर त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि दात बघायला त्याचं तोंड उघडल्यासारखं करायचे. तात्या लांबून बघायचे आणि मान खाली घालून हसायचे.

त्याच जागेवर एका पुढाऱ्याला आपल्या वडिलांच्या नावाची स्वागतकमान उभी करायची होती. एडका हलवा म्हटल्यावर चौकातले चहावाले, रिक्षावाले आडवे आले. उघड हलवता येईना, म्हणून कुणीतरी डोकं चालवलं. शिंगं नगरपालिकेच्या पंपाची आहेत, चोरीचा माल आहे, तक्रार करा.

मुख्याधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढारी सोफ्यावर बसले होते. मुख्याधिकारी कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "तुम्ही दिलंत का हे लोखंड? दिलं असेल तर परवानगी कुणाची होती ते लिहून द्या."

निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. पुढारी पानाची डबी उघडत मला म्हणाले, "इस्टोरसाहेब, तुमचं रेकॉर्ड साफ हाय. कशाला डाग लावून घेता?"

"मी दिलं नाही," मी म्हणालो. शब्द स्पष्ट आले. माझ्यावर कुणी हात उगारला नाही. मी घाबरलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चौकात पंचनामा झाला. दोनेकशे माणसं जमली असतील. नगरपालिकेचे मजूर पहारी आणि करवत घेऊन आले होते. हवालदाराने तात्यांना दंडाला धरून आणलं. पुढाऱ्याचा एक माणूस ओरडला, "कावून बे म्हाताऱ्या, सरकारचं लोखंड चोरतो व्हय?"

तात्या गोंधळलेले दिसत नव्हते. त्यांना वाटत होतं की चूक झालीय आणि ती आता दोन मिनिटांत सुटणार आहे. "इस्टोरसाहेबांना इचारा की," ते म्हणाले. "तिन्ही हाळ्या त्यांनी ऐकल्यात."

सगळा चौक माझ्याकडे वळला. पंचनामा लिहिणाऱ्या जमादाराने विचारलं, "साहेब, ऐकली का याची हाळी?"

तात्या माझ्याकडे बघत होते. मी बोलायला लागण्याआधीच त्यांनी मान हलवायला सुरुवात केली होती, हो हो अशी, मला मदत करायला.

"नाही," मी म्हणालो. "मी काही ऐकलं नाही."

त्यांची मान थांबली. दुसरं काहीच झालं नाही. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. मजुराने एडक्याच्या कपाळावर करवत ठेवली तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "कापू नगा. मी सोडतो."

भर उन्हात, दोनशे माणसांसमोर, त्यांनी एकेक गाठ सोडली. कुणी बसायला सांगितलं नाही, ते गुडघ्यांवर बसले. पहिलं शिंग उतरायला तास गेला. चहावाल्याने पाणी आणलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. दुसरं शिंग निघालं तेव्हा ते घ्यायला मी पुढे वाकलो आणि आतल्या वळणात मला तो दिसला. काळ्या लोकरीचा दोरा. तीन गाठी.

त्या दोऱ्याचा अर्थ चौकातल्या प्रत्येकाला माहीत होता. तीन गाठी म्हणजे तीन हाळ्या आणि मालकाचा होकार. जमादाराने तो पाहिला असता तर मी खोटा ठरलो असतो. गंज पुसल्यासारखं करत मी बोट आत घातलं, दोरा ओढून घेतला आणि मुठीत दाबला. वर पाहिलं तर तात्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी माझी मूठ पाहिली. मग दोरी गुंडाळून खिशात ठेवली आणि उठले.

संध्याकाळपर्यंत त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं, समज देऊन सोडलं. खटला उभा राहिला नाही. पुढाऱ्याला हवा होता तो चौक, तो मिळाला. शिंगं आणि बिनशिंगाचा एडका जप्त माल म्हणून माझ्याच पंपघरात आला. चौदा महिने मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. तात्यांनी जिनिंगची नोकरी सोडली. त्यानंतर गावात कुणी हाळी ऐकली नाही. उरलेल्या मेंढरांच्या दोऱ्या पावसाने कुजत गेल्या. स्टँडाबाहेरची मेंढी एका बाजूला झुकली, मग एक दिवस तिथं नुसता बुडखा दिसला.

निवृत्त झाल्यावर एकदा वडवणीच्या आठवडी बाजारात ते मला दिसले. लेकीच्या गावी राहायला गेले होते, दावी आणि कासरे वळून विकत बसले होते. मी पालाच्या आडून निघून जाणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. हाळी नव्हे, साधी हाक. "इस्टोरसाहेब! या की. पाण्याचं कसं चाललंय गावात? दोन दिसाआड येतंय का?"

मी उभाच राहिलो. जे आत होतं तेच बाहेर पडलं. "तात्या, तुम्ही दोरा पाहिला होता माझ्या हातात. बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातल्या कासऱ्याला पीळ दिला. "बोललो असतो तर तिथं दोन चोर झाले असते, साहेब. माझ्या अंगावरचा आळ तुमच्या अंगावर टाकून मला काय गोड लागलं असतं?" मग मान वर न करता म्हणाले, "एक काम करा, जमलं तर. माझ्या सरूला तेवढं सांगा. सासरी तिला चोराची लेक म्हणत्यात. मी सांगितलंय तिला, पर बापाचं काय, बाप तर न्हाईच म्हणणार. तुमी सांगा."

"येतो," मी म्हणालो. "पुढच्या बाजाराला येतो."

त्यानंतर कितीतरी बाजार भरले. मी गेलो नाही. चार वर्षांपूर्वी वडवणीच्या एका माणसाकडून बसमध्ये कळलं की तात्या गेले.

या साली आमच्याकडे नवीन मुख्याधिकारी आल्या आहेत. वय तिशीच्या आतलं. स्टँडपुढचा चौक नव्याने बांधून झालाय, ती कमान रस्तारुंदीत गेली. जुनं पंपघर साफ करताना त्यांना एडका सापडला. तो पुन्हा चौकात बसवायचं त्यांनी ठरवलं आणि खाली कुणाचं नाव घालायचं म्हणून फाइल काढली. मग त्या माझ्या घरी आल्या. "काका, यात लिहिलंय की बनवणारा चोर होता. खाली तुमची सही आहे. खरं आहे का हे?"

आणि मी, सत्तरीला टेकलेला माणूस, काय म्हणालो? "बघून सांगतो."

मुलगा म्हणाला, "बाबा, आता कशाला उकरता? पेन्शनवर येईल. ते तर गेले बिचारे." आठ दिवस मी त्याचं ऐकलं. नवव्या दिवशी लिहून दिलं. शिंगं मी दिली, तिन्ही हाळ्या ऐकल्या, खोटं बोललो, पुरावा लपवला. मॅडमनी वाचलं, पोच दिली आणि बसा म्हणाल्या नाहीत. बरंच केलं.

मग कपाटातल्या डबीतला दोरा घेऊन वडवणीला गेलो. सरू अंगणात तूर पाखडत होती. चाळिशीची असेल, डोळे बापाचे. मी कोण ते सांगितलं. सूप थांबलं, पण तिनं बस म्हटलं नाही. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, जबाबाची प्रत पुढे केली, त्यावर दोरा ठेवला.

तिनं आधी दोरा उचलला. "तीन हायत," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "तीन हायत." मग कागदाकडे बघून, "ह्यो मला कशाला? मला पहिल्यापासनं ठावं हाय."

"तुमच्या सासरच्यांना दाखवा. फायलीत लावलाय तो."

"सासूला वाचता येत न्हाई. अन् फाइल कपाटात राहती." तिचा आवाज चढला नाही. "आबाला चोर म्हणलं ते चौकात, मोठ्यानं. तुमी ऐकलं न्हाई म्हणलात, तेबी चौकात, मोठ्यानं. अन् आता खरं काय ते बारीक अक्षरात लिव्हता व्हय?"

"मग काय करू? सांगा, ताई."

ती खाली बसली. दोरा गुडघ्यावर धरला आणि नखाने पहिली गाठ सैल करू लागली. बारा वर्षांची लोकर, गाठी दगड झाल्या होत्या. तिनं दात लावला नाही, कात्री मागितली नाही. मी तिच्या अंगणात उन्हात उभा होतो. तिन्ही गाठी सुटायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. शेवटी सरळ झालेला दोरा तिनं माझ्या हातावर ठेवला.

"हाळी द्या," ती म्हणाली. "त्याच चौकात. तीन दिस. आबा द्यायचा तशी. दर हाळीला एक गाठ. तिसऱ्या दिशी मी येते, सासूला घेऊन."

परवा सकाळी मी चौकात उभा राहिलो. एडका जागेवर आहे, शिंगं बांधायची बाकी आहेत, दोरीचं काम इथं कुणाला येत नाही. कानावर हात ठेवला, पण आवाज रिक्षांच्या वर गेलाच नाही. चहावाला धावत आला, "काय झालं काका? चक्कर आली का?" त्याला सांगावं लागलं की मी हाळी देत होतो. तो पंचनाम्याला पाणी आणणारा चहावालाच. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, परत गेला आणि स्टोव्ह बंद केला. आजूबाजूचा आवाज थोडा कमी झाला. मी पुन्हा ओरडलो, "ऐकाऽऽ! म्हाळूतात्या चोर नव्हताऽऽ! शिंगं मी दिलीऽऽ! हाळी मी ऐकली होतीऽऽ!"

काल माणसं जास्त होती. मागून कुणी हसलं, कुणी म्हणालं, "बारा वर्षं झोपला होतास व्हय बे?" मी दोऱ्याला दुसरी गाठ मारली. माझा मुलगा रस्त्यापलीकडे स्कूटर लावून उभा होता, माझ्याकडे न बघता. पण तो गेला नाही.

आज तिसरा दिवस. उजाडायच्या आधी उठून हे लिहितोय, म्हणजे चौकात काही राहून गेलं तर इथं तरी असेल. तात्यांच्या नियमाने तिसऱ्या हाळीला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. आलं नाही तर वस्तू जागेवरच राहते, तसा तात्यांवरचा आळही. वडवणीची गाडी सव्वाआठला स्टँडात येते. दोऱ्याला दोन गाठी झाल्या आहेत.